पुणे 7:35, शिकागो 17:40

गुरुवार, 23 मार्च 2017. पुणे विमानतळ, सकाळी 7:35च्या आधी

उमरग्याला रेल्वे येत नाही, विमान तर नाहीच. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावातून विमान गाठायचं तर एका अंगाला पुणे, साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. दुसऱ्या अंगाला हैदराबाद, दोनशेच्या वर. उमरग्याचे माजी आमदार आणि 2014 पासून उस्मानाबादचे शिवसेना खासदार असलेल्या रवींद्र गायकवाड यांनी त्या दिवशी पुणं धरलं होतं. दिल्लीत संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं.

हातात एअर इंडियाचं बिझनेस क्लासचं ओपन तिकीट. ओपन म्हणजे वर्ग ठरलेला, विमान मात्र नंतर निवडायचं. निवडलं एआय 852, सकाळचं पुणे-दिल्ली. या विमानात बिझनेस क्लास नव्हता. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळी इकॉनॉमी.

हे आधीच सांगितलं होतं, असं कंपनीनं नंतर म्हटलं. तिकीट बिझनेसचं असून जागा इकॉनॉमीत दिली, असं खासदारांनी म्हटलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. भांडणाला तेवढंच पुरतं.

काउंटरवर तेव्हा वाट मोकळी होती. दुसऱ्या विमानात जागा बघता आली असती. फरकाचे पैसे परत मिळतील, असं कागदावर लिहून देता आलं असतं. या तिकिटावर या विमानात चढता येणार नाही, असं ठाम सांगताही आलं असतं. खासदाराला असं सांगायची हिंमत काउंटरवरच्या पोरानं कुठून आणायची, हा प्रश्न अर्थात वेगळा.

सकाळी 7:35

जागा 1एफ. पहिली रांग, खिडकीजवळ. पुढची जागा दिली की माणूस निवतो, असा हिशेब बहुधा असावा. दार लागलं. तक्रारही आतच राहिली.

पुणे-दिल्ली दोन तासांचा प्रवास. या दोन तासांत जमिनीवरच्या कुणी वरिष्ठानं दिल्लीच्या दाराशी, अधिकार हातात घेऊन, उभं राहायचं ठरवलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं.

दिल्ली, सकाळी 10च्या सुमारास

विमान उतरलं. प्रवासी उतरले. 1एफ उतरले नाहीत.

त्यांचं म्हणणं, तक्रार ऐकायला वरिष्ठ अधिकारी आले पाहिजेत. कर्मचाऱ्यांचं म्हणणं, विमान रिकामं करून द्या. हेच विमान पुढं गोव्याला जायचं होतं आणि त्याचे 115 प्रवासी खोळंबले होते. आत साफसफाई व्हायची होती. प्रत्येक मिनिटाबरोबर कंपनीची घाई वाढत होती, आणि घाईत असलेला माणूस वाटाघाट करत नाही.

तासाभराहून अधिक वेळ असाच गेला.

शेवटी समजूत घालायला जे गेले ते साठीच्या आसपासचे ड्युटी मॅनेजर. त्यांच्याकडं बिझनेस क्लास नव्हता. झालेला प्रकार मिटवायचा अधिकार होता की नाही, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. त्यांना चपलेनं मारहाण झाली. चष्मा फुटला. थोड्याच वेळात खासदारांनी कॅमेऱ्यांसमोर स्वतःच सांगितलं की आपण पंचवीस वेळा मारलं.

तो आकडा पुढं कितीतरी दिवस पुरला. मारलं की नाही यावर वादच उरला नाही. किती मारलं, हे मारणाऱ्यानंच मोजून दिलं होतं.

शुक्रवार, 24 मार्च

गुन्हा दाखल झाला. भारतीय दंडविधानाची कलमं 308 आणि 355. पहिलं सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचं, दुसरं अपमान करण्यासाठी केलेल्या हल्ल्याचं.

एअर इंडियानं खासदारांना विमानात घेणं बंद केलं. इंडिगो, जेट, स्पाइसजेट आणि गोएअर या खासगी कंपन्यांच्या संघटनेनंही तेच केलं. परतीची तिकिटं रद्द झाली. असा बहिष्कार घालायचा नेमका नियम तेव्हा देशात नव्हता. कंपन्यांनी तो घातला आणि तो टिकला.

खासदार निजामुद्दीनहून ऑगस्ट क्रांती राजधानीनं निघाले. मुंबईला कॅमेरे थांबले होते. ते अलीकडंच, वापीला उतरले.

सोमवार, 27 मार्च. उमरगा

शिवसैनिकांनी उमरगा बंद पुकारला. दुकानं बंद राहिली.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या बाजारात साखरेच्या गाठी, वेळू, कडुनिंबाचे डहाळे, खणाचं कापड यांची उलाढाल असते. खेड्यांवरून माणसं येतात ती याच दिवशी. शटर ओढणाऱ्यांपैकी कितीजणांनी विमानाचं दार आतून पाहिलं असेल, हे बंदच्या दिवशी विचारायचं नसतं.

याच सुमारास अमेरिकेत

भारतातल्या बातम्यांत उस्मानाबादचे खासदार होते, तेव्हा युनायटेड एअरलाइन्स अमेरिकेतल्या बातम्यांत वेगळ्याच कारणानं होती. 26 मार्चला डेन्व्हर विमानतळावर तिनं लेगिंग घातलेल्या दोन मुलींना विमानात चढू दिलं नाही. मुली कर्मचाऱ्यांच्या पासवर निघाल्या होत्या आणि पासवाल्यांच्या कपड्यांचे नियम निराळे. नियम होता, तो दारातल्या माणसानं पाळला, आणि देशभर टीका झाली.

त्याआधी मार्चच्या मध्यात जनसंपर्काच्या व्यवसायातल्या पीआरवीक या नियतकालिकानं युनायटेडचे प्रमुख ऑस्कर मुन्योझ यांना वर्षातले सर्वोत्तम संवादक ठरवलं होतं.

गुरुवार, 6 एप्रिल ते शनिवार, 8 एप्रिल

गुरुवारी गायकवाड लोकसभेत बोलले. सभागृहाची माफी मागतो, त्या कर्मचाऱ्याची मागणार नाही, असा सूर. सेनेचे मंत्री अनंत गीते नागरी विमान वाहतूक मंत्री अशोक गजपती राजू यांच्यावर धावून गेल्यासारखे पुढं सरसावले. इतरांनी मध्ये पडून आवरलं. त्याच दिवशी गायकवाडांचं खेद व्यक्त करणारं पत्र मंत्र्यांकडं गेलं.

शुक्रवारी मंत्रालयानं एअर इंडियाला बंदी उठवायला सांगितलं. शनिवारी खासगी कंपन्यांनीही उठवली. पत्र मंत्र्यांना होतं. मार ड्युटी मॅनेजरांनी खाल्ला होता.

इथं भारतातलं प्रकरण थंडावलं. जेमतेम दिवस उलटला.

रविवार, 9 एप्रिल. शिकागो, ओहेअर विमानतळ, दुपारी 2:55

युनायटेडचं लुइव्हिलला जाणारं विमान 4448 या वेळेला सुटायचं होतं. तांत्रिक बिघाडानं रखडलं.

त्यात चार माणसं अशी होती जी प्रवासाला नव्हे, उद्याच्या कामाला निघाली होती. रिपब्लिक एअरलाइन्सचे कर्मचारी. ही कंपनी युनायटेडच्या नावानं छोट्या मार्गांवर विमानं चालवते. या प्रवासाला धंद्यात डेडहेड म्हणतात. दुसऱ्या डेपोतून गाडी काढायला निघालेला एसटीचा ड्रायव्हर मागच्या बाकावर बसून जातो, तसं.

या चौघांना सोमवारी लुइव्हिलहून विमान न्यायचं होतं. ते रात्री पोचले नाहीत तर त्यांची विश्रांती भरत नाही. अमेरिकेच्या नियमानं वैमानिकाला कामाआधी सलग 10 तास मिळालेच पाहिजेत. विश्रांती भरली नाही तर सोमवारचं निदान एक विमान रद्द, शंभराहून जास्त माणसं अडकणार.

हा हिशेब खोटा नव्हता. भारतात 2025च्या डिसेंबरात वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम लागू असताना इंडिगोला कर्मचारी पुरले नाहीत, आणि एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. कर्मचारी योग्य वेळी योग्य गावात नसले, तर कितीही विमानं उभी असोत, उपयोग नाही. म्हणून कंपनीच्या लेखी डेडहेडची जागा तिकीट काढलेल्या माणसाच्या जागेपेक्षा महत्त्वाची ठरते. एरवी हे कुणाला कळतही नाही, कारण सोय आदल्या दिवशी झालेली असते.

दुपारी 2:55 ते 5

याच दोन तासांत प्रश्न मिटला असता. 4448 वेळेवर जाईल असं दिसत नव्हतं. लुइव्हिल शिकागोहून रस्त्यानं पाचेक तासांवर आहे. गाडी करून चौघांना पाठवलं असतं तरी ते रात्री पोचले असते. पुढच्या विमानाच्या प्रवाशांना दारातच थांबवता आलं असतं.

कर्मचाऱ्यांना पुढच्या विमानावर घ्यायचं ठरलं, ते विमान 3411. तिथपर्यंत हा निरोप पोचला तेव्हा प्रवासी आत बसत होते.

संध्याकाळी, 5:40च्या आधी

3411 म्हणजे एम्ब्रायर 170. जागा 70. सगळ्या भरलेल्या. कंपनीनं पहिल्यांदा जास्तीची तिकिटं विकल्याचं म्हटलं आणि नंतर ते मागं घेतलं. जास्तीचं कुणी नव्हतं. ज्यांनी पैसे भरले तेवढीच माणसं होती, आणि ती आपापल्या जागी बसलेली होती.

हा फरक मोठा आहे. दारात अडवलेल्या माणसाला अजून जागा मिळालेली नसते. तो चिडतो, भांडतो, पैसे घेतो, जातो. बसलेल्या माणसाची बॅग वर गेलेली असते, पट्टा लागलेला असतो. त्याला उठवणं म्हणजे त्याच्याकडून काहीतरी काढून घेणं.

आधी 400 डॉलरचं व्हाउचर आणि रात्रीचं हॉटेल. कुणी हात वर केला नाही. पुढचं विमान सोमवारी दुपारी. मग 800. तेव्हाच्या भावानं पन्नास हजार रुपयांच्या वर.

तरीही कुणी नाही.

इथं भाव आणखी वाढवता आला असता. सक्तीनं उतरवलेल्या प्रवाशाला एकेरी भाड्याच्या चौपट, पण फार तर 1,350 डॉलर, अशी भरपाईची मर्यादा अमेरिकेच्या नियमात तेव्हा होती. ती सक्तीसाठी. राजीखुशीनं उठणाऱ्याला किती द्यायचं यावर कायद्यानं काहीच बंधन घातलेलं नव्हतं. बंधन होतं ते कंपनीचं, आणि दारातल्या माणसाला ते ओलांडायची मुभा नव्हती.

2016 या एका वर्षात युनायटेडनं 62,895 प्रवाशांना राजी करून थांबवलं होतं आणि 3,765 जणांना मनाविरुद्ध. म्हणजे बहुतेक वेळा पैशानं भागतं. 3411 मध्ये 800 वर भाव थांबला आणि पुढचा प्रयत्न यंत्रावर सोपवला गेला.

5:40

सुटायची वेळ. भारतात सोमवारची पहाट, 4:10.

विमान हललं नाही. व्यवस्थापक आत आले. चौघांची नावं संगणक निवडेल, असं सांगितलं. संगणक म्हणजे नियम: भाडं किती भरलं, पुढं जोडविमान आहे का, या कंपनीनं नेहमी जाणारा आहे का. स्वस्त तिकिटाचा, कधीमधी जाणारा माणूस यादीत वर येतो.

पहिलं जोडपं निवडलं गेलं. ते उठून गेलं.

मग 69 वर्षांचे एक डॉक्टर. आपले रुग्ण सकाळी येणार आहेत, आपण उतरणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढलेला नव्हता, असं आजूबाजूच्यांनी नंतर सांगितलं.

त्या क्षणी विमानात धोका नव्हता. कुणी कुणाला धमकावत नव्हतं. एक माणूस आपल्या जागेवर बसलेला होता, एवढंच. व्यवस्थापकांनी सुरक्षारक्षकांना बोलावलं.

5:40 नंतर

आले ते शिकागो पोलीस नव्हते, शहराच्या विमानतळ खात्याचे सुरक्षा अधिकारी होते. त्यांना बंदूक बाळगायची परवानगी नव्हती. दोघा-तिघांनी समजावून पाहिलं. डॉक्टर उठले नाहीत.

एका अधिकाऱ्यानं त्यांना खिडकीकडच्या जागेतून ओढलं. पलीकडच्या सीटच्या हातावर तोंड आदळलं. नाक मोडलं, पुढचे दोन दात पडले, मेंदूला मार बसला. चष्मा नाकावरून घसरला. हात धरून त्यांना दोन रांगांमधून जमिनीवरून फरफटत नेलं. पोट उघडं पडलं होतं.

आजूबाजूला फोन उंचावलेले होते. एक बाई ओरडत होत्या.

काही मिनिटांनी डॉक्टर परत आत आले. तोंडाला रक्त. मला घरी जायचंय, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना पुन्हा बाहेर नेलं.

रक्त पुसता यावं म्हणून उरलेल्या प्रवाशांना खाली उतरवलं गेलं.

7:20च्या सुमारास

साफसफाई झाली. प्रवासी परत बसले. चार कर्मचारी आले आणि मोकळ्या झालेल्या चार जागांवर बसले. त्यांनी काही केलेलं नव्हतं. त्यांना सांगितलेल्या विमानात ते बसले. प्रवाशांनी त्यांना ऐकवलं. विमान जवळजवळ दोन तास उशिरानं निघालं. व्हिडिओ त्याआधीच निघाले होते.

सोमवार, 10 एप्रिल

मुन्योझ यांनी निवेदन काढलं. ज्या प्रवाशांची अन्यत्र सोय करावी लागली त्यांच्याबद्दल दिलगीर आहोत, अशा अर्थाचं. संध्याकाळी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात डॉक्टरांवरच ठपका होता: गोंधळ घालणारे, आक्रमक.

मंगळवारी कंपनीचा शेअर दिवसातल्या नीचांकाला चार टक्क्यांच्या आसपास घसरला. दुपारपर्यंत तिसरं निवेदन आलं. आता तो प्रकार भयंकर होता आणि अशी वागणूक कुणालाही मिळू नये. महिन्याभरापूर्वीचा पुरस्कार सगळ्या वर्तमानपत्रांनी आठवणीनं छापला.

गुरुवार, 27 एप्रिल

कंपनीनं स्वतःच्याच चौकशीचा अहवाल काढला. कारणं त्यातच लिहिलेली आहेत. सुरक्षेचा प्रश्न नसताना सुरक्षारक्षक बोलावले. कर्मचाऱ्यांना ऐन वेळी विमानावर घेतलं. पैसे पुरेसे देऊ केले नाहीत. दारातल्या माणसांना योग्य वाटेल ते करायचा अधिकार नव्हता.

उपायही होते. राजीखुशीनं उठणाऱ्याला 10,000 डॉलरपर्यंत देता येईल. बसलेल्या माणसाला, सुरक्षेचं कारण नसेल तर, उठवायचं नाही. डेडहेड कर्मचाऱ्यांची जागा सुटायच्या वेळेच्या किमान 60 मिनिटं आधी नक्की झालीच पाहिजे. त्याच दिवशी डॉक्टरांशी तडजोड झाल्याचं जाहीर झालं. रक्कम गुप्त राहिली. पुढं ऑक्टोबरात विमानतळ खात्याच्या दोघांच्या नोकऱ्या गेल्या.

800 डॉलरवरून 10,000 वर जायला अठरा दिवस लागले. 9 एप्रिलच्या संध्याकाळी हा आकडा हजार-दीड हजारावर जरी गेला असता, तरी सत्तरांतले चार जण खुशीनं उठले असते, असं मानायला जागा आहे.

8 सप्टेंबर 2017. दिल्ली

भारतात बेशिस्त प्रवाशांसाठी नियम आले. तोंडानं गैरवर्तन केलं तर 3 महिन्यांपर्यंत बंदी, हात उचलला तर 6 महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं काही केलं तर किमान 2 वर्षं. 23 मार्चच्या प्रकाराला हा नियम लागू झाला असता तर तो दुसऱ्या पायरीत तरी बसलाच असता. खासदारांवरची बंदी पंधरवड्यात उठली होती.

2019 मध्ये शिवसेनेनं त्यांना उमेदवारी दिली नाही. ओमराजे निंबाळकर उभे राहिले आणि निवडून आले.

नियमाची दुसरी बाजू मात्र रिकामीच राहिली. जागा नाकारली तर भरपाई किती, हे भारतात ठरलेलं होतं: 2016पासून, पर्यायी विमान 24 तासांत दिलं तर 10,000 रुपयांपर्यंत, त्यानंतर दिलं तर 20,000 पर्यंत. वरच्या वर्गाचं तिकीट घेऊन खालच्या वर्गात बसवलं तर काय, यावर एक ओळ नव्हती. पुण्याच्या काउंटरवरच्या माणसाला त्या सकाळी दाखवता येईल असा कागदच अस्तित्वात नव्हता.

15 फेब्रुवारी 2023

तो कागद आला. देशांतर्गत विमानात प्रवाशाला त्याच्या मनाविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर करासह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत.

जून 2025

सोलापूर विमानतळावरून फ्लाय 91 कंपनीची गोव्याची सेवा सुरू झाली. उमरग्याहून शंभरेक किलोमीटर. विमान एटीआर 72, सगळ्या जागा इकॉनॉमीच्या.